भुरीचा नंबर

अकोल्याहून निघून पूर्णा नदीकाठच्या खारपाणपट्ट्यातल्या एका गावी पोचलो तेव्हा जेमतेम साडेसात वाजले होते. यात्रेच्या मैदानात पशुप्रदर्शनाची नोंदणी सुरू झाली होती. टेबलाशेजारी एक तरुण पशुवैद्यक एकामागून एक गोऱ्ह्यांचे खालचे ओठ ओढून आत पाहत होते. गुरांना वरच्या जबड्यात पुढचे दात नसतातच, त्यामुळे वय कळायचं ते खालच्या आठ दातांवरून. दुधाचे दात बारीक असतात आणि पक्का दात फावड्यासारखा रुंद. साधारण दोन-अडीच वर्षांत पक्क्या दातांची पहिली जोडी येते आणि चार-साडेचार वर्षांत चारही जोड्या पक्क्या होऊन तोंड जुळतं. पक्का दात एकही नसला तर गोऱ्हा आदत. डॉक्टर तोंड उघडायचे आणि लेखनिकाला सांगायचे, "आदत." "दोन दाती." "जुळला." आधार कार्ड मालकाचं लागतं, पण जनावराच्या वयाचा दाखला त्याच्या तोंडातच असतो.

एका मालकाने आपला गोऱ्हा आदत आहे असं ठासून सांगितलं होतं. डॉक्टरांनी ओठ खाली ओढला, तर मधली जोडी नुकती वर येत होती. गोऱ्हा वरच्या गटात गेला. मालक नाराज झाला, पण दात सगळ्यांनीच पाहिले होते. मला वाटतं, प्रदर्शनातला निम्मा निकाल या टेबलावरच लागतो. कोण कोणाच्या शेजारी उभं राहणार हे एकदा ठरलं की पंचाच्या हाती उरतं ते दुसरं अर्धं काम.

काही वर्षांपूर्वी याच भागातल्या दुसऱ्या एका प्रदर्शनात मी होतो. तिथे म्हशींसाठी एकच गट होता, सर्व जाती एकत्र. रिंगणात काळ्याभोर अंगाची, घट्ट वळलेल्या शिंगांची मुऱ्हा उभी होती आणि तिच्या शेजारी पूर्णेच्या काठची भुरी. मुऱ्हा मूळची हरियाणाकडची, एका वेतात दीड-दोन हजार लिटर दूध देणारी. भुरीची कास तिच्यापुढे लहान, रंग फिका. पहिले तिन्ही नंबर मुऱ्ह्यांना गेले. भुरीच्या मालकाने विचारलं, "काहून बाप्पा, भुरी हाये म्हनून?" त्याला कोणी उत्तर दिलं नाही. तो प्रश्न मी विसरू शकलो नाही.

कारण भुरी ही मुऱ्हेची फिकी आवृत्ती नाही. विहिरीचं पाणी खारट, उन्हाळा जाळणारा, चारा म्हणजे कडबा आणि कुटार. अशा मुलखात पिढ्यान्‌पिढ्या टिकलेली ती म्हैस आहे. दूध कमी, पण दाट. अंग पांढुरक्यापासून फिक्या तपकिरीपर्यंत, पायांचा खालचा भाग पांढरट, लांब शिंगं मागे वळलेली. अचलपूरच्या जुन्या नावावरून जिला एलिचपुरी म्हणत त्या नागपुरी म्हशीचीही शिंगं अशीच तलवारीसारखी मागे जातात. तिच्यापासून हिला वेगळं ओळखायलाही नजर तयार व्हावी लागते. आता कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने 'पूर्णाथडी' या नावाने हिची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली आहे. अकोला, अमरावती आणि बुलडाणा हा तिचा मुलूख. त्या नोंदीचा माझ्या लेखी सगळ्यात मोठा अर्थ हा, की या वेळी फलकावर 'पूर्णाथडी म्हैस, दुभती' असा वेगळा गट लिहिलेला होता.

त्या गटात सात म्हशी आल्या. पंच होते निवृत्त पशुधन अधिकारी, दुसऱ्या जिल्ह्यातले. आधी त्यांनी कशालाही हात लावला नाही. म्हशी गोल फिरवायला सांगितल्या आणि मधोमध उभे राहून फक्त पाय पाहिले. मागचा खूर पुढच्या खुराच्या ठशाजवळ पडतो का, पाठ चालताना सरळ राहते का. मग सगळ्यांना थांबवून बाजूने, मागून, शेवटी समोरून पाहिलं.

पहिला वाद तिथेच झाला. एक म्हैस सगळ्यात भरलेली होती, कासही मोठी. पण रंग काळपट आणि शिंगांची टोकं आत वळलेली. पंच म्हणाले, "हिच्यात मुऱ्हा उतरली आहे. हिला संकरित गटात न्या." मालक म्हणाला, "साहेब, दूध तं हिचंच जास्त हाये!" पंचांनी मान्य केलं. "जास्तच असेल. दुधाच्या स्पर्धेत आणा, तिथे जिंकेल." दुधाच्या स्पर्धेत आधी सगळ्यांसमोर कास पूर्ण रिकामी करतात आणि त्यानंतरच्या धारा मोजतात. तिथे शिंग कोणी विचारत नाही. इथला प्रश्न वेगळा होता: पूर्णाथडी कशी असावी?

उरल्या सहा. आता हात लागले. दुभत्या गाईच्या जुन्या अमेरिकी गुणपत्रिकेत 100 पैकी 30 गुण कासेला, 30 सर्वसाधारण ठेवणीला आणि 20-20 दुभतेपणाला व शरीराच्या क्षमतेला दिलेले आहेत. आपल्याकडचे पंच कागद समोर ठेवोत न ठेवोत, त्यांचे हात साधारण याच वाटेने जातात. चारही सड सारख्या अंतरावर आहेत का, कास पोटाला घट्ट धरून आहे का, पोटाखालची दुधाची शीर किती जाड आणि नागमोडी. एका म्हशीची कास दगडासारखी लागली. पंचांनी विचारलं, "कधी पिळली?" उत्तर अडखळत आलं. कास भरलेली दिसावी म्हणून काही जण आदल्या संध्याकाळपासून धार काढत नाहीत. जनावराला ठणका लागतो, कासेचा दाह होऊ शकतो. पंचांनी तिथेच धार काढायला लावली. दूध गेल्यावर चांगली कास ओल्या फडक्यासारखी मऊ पडायला हवी. हिची तशी पडली नाही, आत मांसच जास्त होतं. ती पाचवी गेली.

गट बदलला की पंचाचा प्रश्न बदलतो. घोड्यांच्या प्रदर्शनात हे गटांचं शास्त्र फार बारकाईने रचलेलं असतं. एका गटात घोड्याला नुसता उभा करून त्याची ठेवण पाहतात. दुसऱ्यात घोडा कसाही असो, पंचाची नजर स्वाराच्या मांडीवर आणि हातावर असते. उड्यांच्या स्पर्धेत दांडी पडली की चार दोषगुण लागतात, उडी देखणी होती की नव्हती याला किंमत नाही. त्याच अडथळ्यांच्या दुसऱ्या गटात मात्र देखणेपणच मोजतात. आपली पूर्णा चांगदेवला तापीला मिळते, आणि पुढे त्याच तापीच्या काठी सारंगखेड्याला दत्तजयंतीपासून घोड्यांचा बाजार भरतो. तिथे मारवाडी घोडा पाहताना जाणकार आधी आत वळलेली कानांची टोकं पाहतात, मग रेवाळ, म्हणजे स्वाराला धक्के न देणारी चाल. घोडेस्वारी शिकवणाऱ्याला त्या कानांशी काही देणंघेणं नसतं.

वऱ्हाडात एकच बैलजोडी तीन ठिकाणी तपासली जाते. शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, घड्याळ निकाल देतं, पोळ्याच्या तोरणाखाली सजावट आणि निगा पाहतात, प्रदर्शनात पाय, खूर आणि वशिंड. तिन्हीकडे बक्षीस मिळवणारी जोडी क्वचित असते, आणि एखाद्या ठिकाणी हरली म्हणून ती वाईट ठरत नाही.

पूर्णाथडीच्या रिंगणात पहिल्या दोन नंबरांसाठी पंच बराच वेळ थांबले. मग ध्वनिक्षेपक मागवून ते बोलले, आणि माझ्या मते त्या दिवसाचं खरं काम हेच होतं. "एक नंबरची म्हैस दोन नंबरपेक्षा पुढे ठेवली, कारण तिची कास मागून उंच जोडलेली आहे आणि चारही सड सारखे आहेत. दोन नंबरचा रंग आणि शिंगं हिच्याहून चांगली आहेत, ते मी मान्य करतो. पण तिचे मागचे पाय मधोमध आत वळतात आणि खूर वाढलेले आहेत." अमेरिकेत कृषी शाखेची मुलं चार-चार जनावरांचे गट लावून नंतर कारणं तोंडी सांगायला शिकतात, आणि त्या सांगण्याला वेगळे गुण असतात. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी नुसता नंबर पुकारतात आणि मालक घरी जाऊन तर्क करत बसतो. प्रत्येक प्रदर्शनात कारणं मोठ्याने सांगितलीच पाहिजेत.

टाळ्या झाल्या, पहिल्या म्हशीच्या शिंगाला फेटा बांधला गेला. दुसऱ्या नंबरवाल्या काकांनी म्हैस लिंबाच्या सावलीला नेली. बक्षिसाची पिशवी मुलीकडे दिली, खाली बसले आणि मागचा पाय उचलून खूर निरखू लागले.

"आबा, काय पायता?"

"खरंच वाढले हायेत," ते म्हणाले. "खूर कापनाऱ्याले उद्याच बोलाव."