आवाज बंद, नाच चालू!

रात्रीचे अकरा वाजलेत अशी कल्पना करा. समुद्रात घुसलेलं एक खडकाळ टोक आहे. खाली लाटा आपटताहेत आणि वर बरीच माणसं घामाघूम होऊन नाचताहेत. कुणी उड्या मारतंय, कुणी डोळे मिटून डोलतंय. पण गाणं कुठंय? ढोल नाही, ताशा नाही, भोंगा तर नाहीच नाही! ऐकू येते ती फक्त पायांची खसखस आणि मधूनच कुणाचं तरी बेसूर गुणगुणणं.

हे भूताटकीचं ठिकाण नव्हे बरं का! दक्षिण गोव्यात काणकोण तालुक्यात पाळोळे नावाचा समुद्रकिनारा आहे. त्याच्या एका टोकाला नेपच्यून पॉइंट म्हणतात. 2010 च्या दशकात तिथं पर्यटनाच्या हंगामात शनिवारी रात्री असा मुका नाच रंगायचा. वर्गात हे सांगितलं तेव्हा मागच्या बाकावरून लगेच प्रश्न आला, ‘‘सर, आवाज नाही तं नाचाचं कसं?’’

उत्तर त्या माणसांच्या डोक्यावर होतं. आत येताना प्रत्येकाला एक हेडफोन मिळायचा. गाणी वाजवणारे डीजे तीन. तिघांची गाणी तीन वेगवेगळ्या रेडिओ लहरींवरून एकाच वेळी सोडली जायची. हेडफोनवरचं बटण फिरवलं की एकाचं सोडून दुसऱ्याचं गाणं सुरू. रेडिओवर आपण स्टेशन बदलतो ना, अगदी तसंच. गंमत म्हणजे, ज्याचं गाणं ऐकाल त्याच्या रंगाचा दिवा हेडफोनवर लागायचा. त्यामुळे अंधारात नुसतं पाहूनच कळायचं, की कुठला डीजे जिंकतोय. एखाद्याचं गाणं पडलं, की त्याच्या रंगाचे दिवे पटापट दुसऱ्या रंगाचे व्हायचे. बिचाऱ्याला आपला निकाल तिथल्या तिथंच कळायचा!

एवढा खटाटोप कशासाठी? तर रात्री दहाच्या नियमासाठी. आपल्या देशात 2000 साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक लावायचा नाही, असं ते सांगतात. 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हे बंधन उचलून धरलं. सणावारासाठी सरकार वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस रात्री बारापर्यंत सूट देऊ शकतं, बस्स. गोव्यात तर रात्रभर नाचायला जगभरातून लोक येतात. किनाऱ्यामागच्या गावातल्या माणसांना मात्र पहाटे उठून कामाला लागायचं असतं. दोघांचीही रात्र तीच, मग करायचं काय? त्यातून ही युक्ती निघाली. तशी ती गोव्याचीच नव्हे. इंग्लंडमधल्या ग्लास्टनबरीच्या मोठ्या संगीत जत्रेतही 2005 साली रात्रीच्या आवाजबंदीमुळे लोकांना हेडफोन देऊन नाचवलं होतं.

आता आपल्याकडचं बघा. लग्नाची वरात निघाली आणि डीजेची गाडी दारावरून गेली, की खिडकीची तावदानं थरथरतात, आजोबा छाती धरून बसतात, पाळण्यातलं बाळ दचकून रडतं. दहावीच्या पोरांनी कानात बोटं घालून इतिहास कसा पाठ करायचा? मला स्वतःला वरात आवडते, नाचायलाही आवडतं. पण तावदानं हलवल्याशिवाय आनंद होत नाही, हे काही मला पटत नाही. शिवाय रात्री आवाज जास्त लांब जातो. जमीन थंड झालेली असते, जमिनीलगतची हवाही थंड होते आणि वरची हवा त्या मानानं उबदार राहते. मग वर निघालेला आवाज वाकून पुन्हा खाली येतो. म्हणून दिवसा न ऐकू येणारी लांबची आगगाडी रात्री अगदी जवळून गेल्यासारखी वाटते.

बरं, हेडफोनमध्ये वाजत काय असे? बऱ्याचदा ‘हाऊस’ नावाचं संगीत. हाऊस म्हणजे घर, पण या संगीताचा घराशी काही संबंध नाही! अमेरिकेतल्या शिकागो शहरात 1977 साली एका जुन्या तीन मजली इमारतीत ‘वेअरहाऊस’ नावाचा नाचाचा क्लब सुरू झाला. वेअरहाऊस म्हणजे गोदाम. आमच्या भिवापुरात गोदाम म्हटलं, की मिरचीची पोती आणि शिंकाच आठवतात. तिथं मात्र फ्रँकी नकल्स नावाचा तरुण तबकड्या वाजवायचा. येणारे बहुतेक कृष्णवर्णीय होते आणि त्यांतले पुष्कळ समलिंगी. दुसरीकडं त्यांना कुणी आपलं म्हणत नसे. या गोदामात मात्र ते पहाटेपर्यंत मोकळेपणानं नाचत. ‘वेअरहाऊसमधलं संगीत’ म्हणता म्हणता शब्दाचं नुसतं शेपूट उरलं, हाऊस! 2023 मध्ये शिकागो शहरानं त्या इमारतीला संरक्षित वास्तू ठरवलं.

हाऊसचा ठेका तुम्हांला आत्ता वाजवता येईल. घड्याळाचा सेकंदकाटा बघत दर सेकंदाला दोनदा बाकावर थाप मारा. मध्ये थांबायचं नाही, चुकायचं नाही. मिनिटाला 120 थापा. हाऊस साधारण याच गतीनं किंवा किंचित वेगानं चालतं. माणूस दमतो, म्हणून हे काम यंत्राकडं दिलेलं असतं.

या यंत्रांवरून मुंबईची एक गोष्ट सांगायलाच हवी. हिंदी सिनेमांच्या गाण्यांत वाद्यं वाजवणारे चरणजित सिंग यांनी 1982 मध्ये एक तबकडी काढली. जपानी कंपनीची नवी ठेकायंत्रं आणि सिंथेसायझर घेऊन त्यांनी भैरवी, ललत, मालकंस असे दहा राग नाचाच्या ठेक्यावर बसवले. तेव्हा तिच्याकडं फारसं कुणी बघितलं नाही. 2010 मध्ये ती परदेशात पुन्हा निघाली आणि तिकडचे रसिक चकितच झाले. शिकागोवाल्यांनी पुढं 1987 मध्ये त्याच जातीच्या यंत्रातून जे सूर काढून नाव कमावलं, त्यांच्याशी जुळणारे सूर मुंबईत पाच वर्षं आधीच वाजले होते! चरणजितजींना म्हातारपणी युरोपात कार्यक्रमांची बोलावणी आली. 2015 मध्ये ते गेले.

हेडफोन मिळाला की सगळं भागलं, असं मात्र समजू नका. शेजाऱ्याची झोप वाचते, पण आपला कान? 85 डेसिबलच्या आवाजात आठ तास राहिलं तरी कानावर ताण येतो, आणि पुढं दर तीन डेसिबल वाढले की तो वेळ निम्मा होतो. म्हणजे 88 ला चार तास, 91 ला दोनच. हेडफोन लावून हातभर अंतरावर उभ्या असलेल्या ताईचं साधं बोलणं ऐकू आलं नाही, तर आवाज कमी करा. कानाच्या आत केसांसारखे बारीक तंतू असलेल्या पेशी असतात. आवाज ओळखायचं काम त्यांचं. मोठ्या आवाजानं त्या मरतात. कोंबडीच्या कानात त्या मेल्या तर पुन्हा नव्या उगवतात, माणसाच्या कानात उगवत नाहीत.