घराच्या दारापासून बसथांब्यापर्यंत : ज्येष्ठांसाठी सुगम शहर

सौम्य हवामान, दाट झाडी आणि विस्तीर्ण उद्याने यांमुळे बेंगळूरु एकेकाळी ‘निवृत्तांचे नंदनवन’ म्हणून ओळखले जाई. लालबाग आणि कब्बन पार्क आजही आहेत. परंतु तेथपर्यंत चालत जाणे अनेक ज्येष्ठ नागरिकांना अवघड झाले आहे. ही केवळ गैरसोय नव्हे, तर आरोग्याचा प्रश्न आहे. रस्त्यात एकदा तोल गेला की भीती बसते, बाहेर जाणे कमी होते आणि काही आठवड्यांतच मांड्यांचे स्नायू दुर्बळ होऊ लागतात. त्यानंतरचे पडणे बहुधा घरातच, न्हाणीघरात किंवा पलंगाशेजारी घडते. हाडे ठिसूळ झालेली असल्यास खुब्याचे हाड मोडते. बाहेर न पडल्याने गाठीभेटी थांबतात व मनही खचते, ते वेगळेच.

जागतिक आरोग्य संघटनेने ज्येष्ठस्नेही शहरांविषयीची मार्गदर्शिका २००७ मध्ये प्रसिद्ध केली. तिच्यासाठी ३३ शहरांतील वृद्धांची मते घेण्यात आली. त्यांत भारतातील नवी दिल्ली व उदयपूर ही शहरे होती. या मार्गदर्शिकेतील आठ विषयांत पहिला मोकळ्या जागा व इमारतींचा, दुसरा वाहतुकीचा आहे. आरोग्यसेवा अखेरीस येते. दवाखान्यापर्यंत पोहोचताच येत नसेल, तर उत्तम दवाखान्याचाही उपयोग नाही, हे लक्षात घेता हा क्रम योग्यच वाटतो.

बेंगळूरुच्या जुन्या वस्त्यांत पदपथ म्हणजे अनेक ठिकाणी पावसाळी गटारावर टाकलेल्या दगडी लाद्या होत. झाडांच्या मुळांनी त्या उचलल्या जातात, काही डगमगतात. विजेचे ट्रान्सफॉर्मर व उभी वाहने वाट अडवतात आणि वृद्धांना रस्त्यावर उतरावे लागते. भारतीय रोड काँग्रेसच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पदपथावर चालण्यासाठी किमान १.८ मीटर मोकळी रुंदी असावी व त्याची कड १५० मिलिमीटरपेक्षा उंच नसावी. गुडघे दुखणाऱ्या व्यक्तीस याहून उंच पायरी दर चौकात चढणे शक्य नसते. हे शहरात घडू शकते, याचे उदाहरण शहरातच आहे. रेसिडेन्सी रोड व सेंट मार्क्स रोड येथे ‘टेंडरशुअर’ योजनेखाली तारा व वाहिन्या जमिनीखाली नेऊन रुंद, सलग पदपथ बांधण्यात आले.

रस्ता ओलांडताना निराळी अडचण येते. सिग्नलची वेळ ठरवताना चालण्याचा वेग साधारणतः सेकंदाला १.२ मीटर धरला जातो. या वेगाने १५ मीटर रुंदीचा रस्ता सुमारे साडेबारा सेकंदांत पार होतो. सेकंदाला ०.८ मीटर चालणाऱ्या वृद्धास जवळजवळ १९ सेकंद लागतात. दिवा बदलतो तेव्हा ते रस्त्याच्या मध्यावरून थोडेच पुढे गेलेले असतात. अशा चौकाची माहिती वाहतूक पोलिसांना लेखी कळवावी.

२० ऑक्टोबर २०११ रोजी सुरू झालेल्या ‘नम्म मेट्रो’च्या स्थानकांत उद्वाहने व सरकते जिने आहेत. कर्नाटकातील महिलांना ११ जून २०२३ पासून ‘शक्ती’ योजनेत राज्य परिवहनाच्या साध्या बसमधून विनामूल्य प्रवास करता येतो. प्रवास स्वस्त झाला, तरी उंच पायरीची बस चढणे सोपे झालेले नाही. शक्य तेथे सखल तळाच्या बसची वाट पाहावी.

आणखी एक कारण ज्येष्ठ संकोचाने सांगत नाहीत : वाटेत स्वच्छतागृह मिळत नाही. म्हणून ते पाणी कमी पितात किंवा लघवी वाढवणारी गोळी परस्पर टाळतात. दोन्ही गोष्टी घातक आहेत. गोळीची वेळ बदलता येईल का, हे डॉक्टरांना विचारावे.

कुटुंबीयांनी एकदा ज्येष्ठांसोबत, त्यांच्याच गतीने, घरापासून औषधांच्या दुकानापर्यंत व बसथांब्यापर्यंत चालून पाहावे. कोठे थांबावे लागते, कोठे आधार घ्यावा लागतो, याची नोंद करावी. डगमगती लादी व बंद पथदिवा यांची तक्रार छायाचित्रासह महानगरपालिकेकडे करावी. इमारतीच्या दाराशी दोन पायऱ्या असल्यास कठडा बसवावा. उतार करावयाचा झाल्यास प्रत्येक १ फूट उंचीस किमान १२ फूट लांबी ठेवावी. घाईने केलेला तीव्र उतार पायऱ्यांहून धोकादायक असतो. उठून उभे राहताना चक्कर येत असल्यास, झोपेची गोळी चालू असल्यास, अथवा मागील वर्षभरात एकदाही पडणे झाले असल्यास ते डॉक्टरांना अवश्य सांगावे. उभे असतानाचा रक्तदाब व दृष्टी तपासून घ्यावी. तोल व स्नायूंच्या व्यायामासाठी फिजिओथेरपिस्टचा सल्ला घ्यावा.

ज्येष्ठांच्या अडचणींसाठी १४५६७ ही राष्ट्रीय हेल्पलाइन विनामूल्य असून ती सकाळी ८ ते रात्री ८ या वेळेत चालू असते. बेंगळूरुत शहर पोलीस व नाइटिंगेल्स मेडिकल ट्रस्ट यांनी २००२ मध्ये ज्येष्ठांसाठी १०९० ही हेल्पलाइन सुरू केली. हे क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून दूरध्वनीजवळ लावावेत.