विश्लेषण : शिरपामाळ, जयविलास राजवाडा आणि ‘ओपन हाउस’... जव्हारला काय मिळू शकते?

जव्हारला आलेला पर्यटक शिरपामाळावर फोटो काढतो, जयविलास राजवाडा पाहतो आणि दाभोसा धबधब्याकडे निघतो. वास्तू पाहून होते, पण ती कळते किती? या प्रश्नावर जगभरात ‘ओपन हाउस’ हे उत्तर शोधले गेले आहे.

ओपन हाउस म्हणजे काय?

एरवी बंद असणाऱ्या वास्तू वर्षातून एक-दोन दिवस लोकांसाठी खुल्या करायच्या आणि त्या समजावून सांगायला माहीतगार माणूस ठेवायचा. फ्रान्समध्ये हा प्रघात १९८४ पासून, तर लंडनमध्ये १९९२ पासून आहे.

महाराष्ट्रात असे कुठे झाले?

जवळचे उदाहरण मुंबई महापालिका मुख्यालयाचे. तिथे जानेवारी २०२१ मध्ये शनिवार-रविवारचा ‘हेरिटेज वॉक’ सुरू झाला. एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांनी आरेखन केलेली ही इमारत १८९३ मध्ये पूर्ण झाली. मंजूर रक्कम होती ११,८८,९६९ रुपये. खर्च आला ११,८८,०८२ रुपये. म्हणजे चक्क ८८७ रुपये वाचले! अशी गोष्ट नुसती इमारत पाहून कळत नाही, कुणीतरी ती सांगावी लागते.

जव्हारमध्ये सांगण्यासारखे काय आहे?

पुष्कळ. १६६४ च्या सुरत स्वारीवर जाताना छत्रपती शिवाजी महाराज या माळावर थांबले. जव्हारचे राजे विक्रमशहा यांनी त्यांचे स्वागत करून शिरपेच चढवला, त्यावरून ‘शिरपामाळ’ हे नाव पडले, अशी परंपरा आहे. पुढे १६७२ मध्ये मोरोपंत पिंगळे यांनी जव्हार जिंकून घेतले. स्वागत आणि स्वारी यांत अवघ्या आठ वर्षांचे अंतर. ही दोन्ही पाने एकत्र वाचली, तरच माळाचा इतिहास पुरा होतो.

टेकडीवरचा जयविलास राजवाडा महादेव कोळी समाजातील मुकणे राजघराण्याचा. राजे यशवंतराव मुकणे यांच्या नावाशी जोडलेल्या या वास्तूत गुलाबी छटेचा दगड आणि घुमट आहेत. पाश्चात्त्य नवअभिजात शैलीला इथे भारतीय वळण मिळाले आहे. आदिवासी राजघराण्याने उभारलेला असा वाडा महाराष्ट्रात विरळाच.

अडचण कोणती?

जागतिक वारसा दिनी, १८ एप्रिलला, मिळणारी तिकीटमाफी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षित स्मारकांपुरती असते. राजवाडा खासगी मालमत्ता आहे. त्यामुळे असा उपक्रम मालकांच्या संमतीनेच होऊ शकतो. गर्दी वाढली की देखभालीचा भार वाढतो, तो कुणी उचलायचा हेही आधी ठरवावे लागेल.

मग सुरुवात कुठून?

शिरपामाळावरून. माळ मोकळाच आहे. तिथे दार उघडायचे नाही, फक्त सांगणारा उभा करायचा आहे. स्थानिक तरुण-तरुणींना त्यासाठी तयार केले, तर वर्षातून दोन दिवस तरी जव्हारची गोष्ट जव्हारच्याच तोंडून ऐकता येईल. राजवाड्याचा फेरफटका हा त्याचा पुढचा टप्पा.