वसंतातली नोंदवही : काय, कधी, कुठे आणि किती

(सटाणा येथील व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



इथे बसलेल्यांपैकी बहुतेकांनी मोबाइलवर ई-पीक पाहणी केलेली असणार. २०२१ पासून ती आपण स्वतः करतो. गट नंबर टाकायचा, पीक निवडायचं, शेतात उभं राहून फोटो काढायचा, की सातबाऱ्यावर नोंद झाली. ती का करायची, हे बागलाणच्या शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. गारपीट झाली आणि नोंदच नसेल, तर कांदा होता हे सिद्ध कशानं करणार? आज मी जे सांगणार आहे ते एवढंच, की जशी पिकाची पाहणी, तशीच रानाची पाहणी. रानाच्या बाबतीत ती करायला तलाठी येत नाही. ती तुम्हा-आम्हालाच करायची आहे.

आपला जिल्हा या बाबतीत भाग्यवान. निफाड तालुक्यात नांदूर मध्यमेश्वर आहे, २०२० साली जाहीर झालेलं महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ. येवल्याकडे ममदापूरला काळवीट आहेत. नाशिकजवळचं बोरगड हे राज्यातलं पहिलं संवर्धन राखीव क्षेत्र, २००८ सालचं. 'संवर्धन राखीव' हा प्रकार वन्यजीव कायद्यात २००२ च्या दुरुस्तीनं आला. अभयारण्यापेक्षा लहान जागा, आसपासच्या गावांना सोबत घेऊन राखायची, ही त्यामागची कल्पना. आणि अशा पाटीची वाट बघत बसायचंही कारण नाही. साल्हेर-मुल्हेरचं रान आहे, केळझर धरणाचा काठ आहे, आरम नदी तर दारातच आहे. नोंद कुठेही करता येते, फक्त जागा एकच धरा आणि तिथे परत परत जा.

आता, नोंदीनं होतं काय? गिधाडांचं उदाहरण घेऊ. राजस्थानातल्या भरतपूरच्या केवलादेव उद्यानात डॉ. विभू प्रकाश यांनी १९८७-८८ च्या हंगामात पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची घरटी मोजली. ती भरली ३५३. त्या वेळी गिधाड म्हणजे कुणीही लक्ष देऊ नये इतका साधा पक्षी. मग १९९६-९७ ला त्याच जागी पुन्हा मोजणी झाली, तर घरटी निम्म्याहूनही कमी. तिथे पहिली घंटा वाजली. पुढे देशभर रस्त्यारस्त्यानं मोजण्या झाल्या आणि कळलं, की १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत हा पक्षी ९९ टक्क्यांहून जास्त घटला. जनावरांना दिलं जाणारं डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक मेलेल्या ढोरातून गिधाडाच्या पोटात जातं आणि त्याची किडनी निकामी करतं, हे सिद्ध झालं. २००६ मध्ये जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी आली. पण बघा, १९८७ चा तो आकडा कुणी लिहूनच ठेवला नसता, तर 'पूर्वी लई गिधाडं होती' एवढंच आपण म्हणत राहिलो असतो. त्या वाक्यावर कुठलंही सरकार औषध बंद करत नाही.

म्हणून नोंदवहीत चार रकाने पक्के ठेवा : काय, कधी, कुठे, किती. पाचवा रकाना खात्रीचा. नक्की ओळखलं, की अंदाज आहे? अंदाज लिहायला हरकत नाही, पण तो अंदाज म्हणूनच लिहा.

'कुठे' या रकान्याची किंमत किती, हे आपल्या शेजारच्या खानदेशातल्या एका पक्ष्यानं साऱ्या जगाला शिकवलं. हा पक्षी म्हणजे रानपिंगळा. शास्त्राला त्याची ओळख झाली १८७३ मध्ये. जेम्स डेव्हिडसन या इंग्रज अधिकाऱ्यानं खानदेशात त्याचे नमुने गोळा केले. १८८४ नंतर मात्र तो कुणाला सापडेना. मग रिचर्ड माइनर्ट्झहागेन नावाच्या एका बड्या संग्राहकाचा नमुना पुढे आला. त्याच्यावर लिहिलेलं होतं, १९१४, गुजरातेतलं मांडवी. त्या चिठ्ठीवर विसंबून शोधणारे चुकीच्या जागी फिरत राहिले. पामेला रासमुसेन यांनी संग्रहालयातले नमुने बारकाईनं तपासले, तेव्हा उलगडा झाला, की तो नमुना मुळात डेव्हिडसनचाच होता. चोरून, पुन्हा पेंढा भरून, वर खोटी चिठ्ठी लावलेला. ती चिठ्ठी बाजूला सारली आणि खऱ्या जागांवर शोध घेतला, तेव्हा नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ रानपिंगळा जिवंत सापडला. ११३ वर्षांनी! एक खोटी नोंद पक्ष्याला नकाशावरून हलवू शकते, आणि शंभर वर्षांपूर्वीची खरी नोंद त्याला परत मिळवून देते.

आता 'कधी'. इथे आपली एक खास अडचण आहे. आपण म्हणतो, 'यंदा पाडव्याला पळस फुलून गेला होता.' पण पाडवा २०२३ ला आला २२ मार्चला, २०२४ ला ९ एप्रिलला आणि २०२५ ला ३० मार्चला. चांद्र वर्ष लहान, त्यात मधूनच अधिक महिना. पळसाला त्याच्याशी देणंघेणं नाही, त्याचा हिशोब सूर्याशी आणि जमिनीतल्या ओलीशी. तेव्हा तिथी लिहायची तर खुशाल लिहा, पण शेजारी इंग्रजी तारीख हवीच. नाहीतर दहा वर्षांची वही जमेल आणि तुलना करता येणार नाही.

वसंतात बघायचं काय? सुरुवात झाडांपासून करा, ती उडून जात नाहीत. पळस, पांगारा, काटेसावर, मोह, करंज यांतली पाच-दहा झाडं ठरवून घ्या. दर आठवड्याला एकाच दिवशी जा आणि लिहा : कळ्या, फुलं, फळं, नवी पालवी, प्रत्येक किती, काहीच नाही, थोडी की भरपूर. फक्त 'पहिलं फूल दिसलं' एवढंच लिहिलं, तर ती तारीख झाडापेक्षा तुमच्या फिरण्यावर जास्त अवलंबून राहते. रोज जाणाऱ्याला ते लवकर दिसणार, रविवारी जाणाऱ्याला उशिरा.

मग त्याच झाडावर कोण येतं ते बघा. फुललेल्या पळसावर भोरड्यांचे थवे येतात, म्हणून तर तिला पळसमैना म्हणतात. ही पाहुणी मध्य आशियातली, एप्रिलमध्ये परत निघते. ती शेवटची कधी दिसली, ही फार मोलाची नोंद, आणि नेमकी तीच राहून जाते. आलेला पाहुणा लक्षात राहतो, गेलेला नाही. म्हणून दिसेनाशी झाल्यावरही दोन-तीन आठवडे 'भोरडी नाही' असं लिहीत राहा. कोकीळ, तांबट, पावशा दिसले नाहीत तरी आवाजावरून नोंदवता येतात. तिथे 'ऐकला' असं लिहावं.

हे 'नाही' लिहिणं फार महत्त्वाचं. किती वाजता गेलो, किती वेळ होतो, किती चाललो, हे लिहिलं की न दिसण्यालाही अर्थ येतो. ई-बर्डसारखं ॲप हेच विचारतं, की जे जे ओळखता आलं ते सगळं लिहिलंत का? तुमच्या-माझ्यासारख्यांच्या अशा याद्यांवरूनच 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' हा अहवाल तयार झाला. २०२३ च्या अहवालात सुमारे ३० हजार निरीक्षकांच्या नोंदी आहेत. मोबाइल नसेल तर शंभर पानी वही चालते.

एक पथ्य मात्र पाळायचं. वसंत म्हणजे विणीचा काळ. टिटवी उघड्या जमिनीवर, खड्यांत अंडी घालते. आपण जवळ उभे राहिलो तर ती उठते आणि भर उन्हात अंडी तापतात. ती ओरडायला लागली की मागे फिरा. बोरगड, अंजनेरीच्या कड्यांवर गिधाडांची पिल्लं या दिवसांत घरट्यात असतात, तिथे ड्रोन नको, आरडाओरडा नको. आणि घरट्याची नेमकी जागा फोटोसकट ग्रुपवर टाकू नका. वहीत लिहा, वनखात्याला कळवा.

(श्रोत्यांतून प्रश्न : टिटवीनं उंचावर अंडी घातली की पाऊस चांगला, असं आमचे आजोबा सांगायचे. ते खरं का?)

छान विचारलंत. मी हो म्हणणार नाही आणि नाहीही म्हणणार नाही, कारण हे तपासता येण्यासारखं आहे. दर वर्षी दुरूनच बघून लिहा : अंडी बांधावर, उंचवट्यावर, की नदीपात्रात. समोर त्या वर्षीचा आपल्या मंडळाचा पाऊस लिहा. दोन-तीन वर्षांनी काहीच कळणार नाही. पंधरा-वीस वर्षांनी, आणि पाच-सहा गावांनी मिळून केलं तर, आजोबांचं म्हणणं खरं की योगायोग, हे सांगता येईल. शाळेतल्या मुलांच्या हाती ही वही दिलीत, तर ती पुरी करायला त्यांच्याकडे तेवढी वर्षं आहेत.