गंजाची पकड आणि तिची सोडवणूक

मोटारगाडीच्या आयुष्याचा हिशेब आपण बहुधा इंजिनावरून मांडतो. परंतु समुद्रकाठी पंधरा-वीस पावसाळे काढलेल्या गाडीखाली जो कोणी एकदा पाना घेऊन शिरला असेल, त्याला ठाऊक असते की इंजिन उत्तम चालत असतानाही गाडीचे भवितव्य पुष्कळदा सस्पेन्शनच्या एखाद्या बोल्टाच्या मर्जीवर अवलंबून राहते. १९८३ च्या डिसेंबरात रस्त्यावर आलेली आणि २०१४ च्या जानेवारीत जिचे उत्पादन थांबले, ती मारुती ८०० आजही रत्नागिरी, मालवण, पणजी या बाजूंना घरापुढे उभी असलेली दिसते. खासगी गाडीच्या नोंदणीची मुदत १५ वर्षांची. ती सरल्यावर ५-५ वर्षांचे नूतनीकरण करून घेण्यासाठी गाडी परिवहन कार्यालयापुढे तपासणीस न्यावी लागते, आणि त्या निमित्ताने मालक खालच्या आर्मचे झिजलेले रबरी बुश बदलण्याचा संकल्प करतो. नवे बुश स्वस्तात मिळतात, काम वरकरणी घटकाभराचे असते. परंतु नट निघाला तरी बोल्ट हलत नाही, आणि मग जो घण चालू होतो त्याने बोल्टापेक्षा गाडीचीच अधिक हानी होते. ही हानी टाळता येते. मात्र त्यासाठी बळाच्या आधी निदान आले पाहिजे.

लोखंडाचे ऑक्सिजन आणि पाणी यांच्याशी संयोग होऊन जो गंज तयार होतो, त्याचे आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक असते, हे या सर्व प्रकरणाचे मर्म होय. रबरी बुशाच्या मध्यभागी पोलादाची नळी असते आणि तिच्यातून बोल्ट आरपार जातो. या दोहोंमधील फट केसाएवढी, परंतु पावसाचे पाणी तिच्यात सहज शिरते आणि वारा न लागल्यामुळे सहजी सुकत नाही. त्या पाण्यात किनाऱ्यावरच्या हवेतील मीठ मिसळले की गंजण्याची क्रिया अधिकच वेग घेते. धातूला चिकटून वाढणारा गंज बाहेर पसरण्यास वाव न मिळाल्यामुळे आतच दाटतो, आणि पावसाळ्यात फुगलेले दार चौकटीत गच्च बसावे तसा बोल्ट नळीत बसतो.

येथे एक भेद प्रथम ओळखावा. बोल्ट दोन ठिकाणी अडकू शकतो: एक, नटाच्या आट्यांत, दुसरे, नळीतून जाणाऱ्या आपल्या गुळगुळीत अंगावर. पाना लावल्यावर काहीच हालचाल होत नसेल, तर दोष बहुधा आट्यांत असतो. उलटपक्षी बोल्टाचे डोके थोडे फिरते, पण हात सैल सोडताच स्प्रिंगप्रमाणे पूर्वस्थानी येते, असे जाणवले तर बोल्ट नळीला धरून बसला असून आपण केवळ भोवतालचे रबर पिळीत आहोत, असे निश्चित समजावे. पहिल्या प्रकारावरचा इलाज दुसऱ्यावर चालत नाही. हा भेद न ओळखल्यामुळेच कित्येकजण नट निघाल्याचा आनंद मानून तासन्तास बोल्टावर घाव घालीत बसतात.

कामास हात घालण्यापूर्वी बंदोबस्त करावा. गाडी सपाट व कठीण जमिनीवर घ्यावी, जमिनीवर राहणाऱ्या चाकांना पुढून-मागून अडण लावावी, आणि जॅकने उचलताच गाडीचा भार पोलादी स्टँडांवर घ्यावा. केवळ जॅकच्या किंवा विटांच्या भरवशावर गाडीखाली जाणे म्हणजे प्राणाशी खेळणे होय. डोळ्यांवर चष्मा हवाच, कारण गंजाचे कण थेट डोळ्यांत येतात. मग तारेच्या ब्रशाने उघडे आटे स्वच्छ करावेत. बाहेर आलेल्या आट्यांवरचा गंज तसाच राहिला तर निघू पाहणारा नट त्याच गंजात पुन्हा रुततो. शॉकॲब्सॉर्बर खालच्या टोकाशी दोन बोल्टांनी जेथे स्टिअरिंग नकलला, म्हणजे चाक धरणाऱ्या भागाला, जोडलेला असतो, तेथे ते सोडण्यापूर्वी खुणा कराव्यात, म्हणजे जोडणी पुन्हा मूळ जागी बसवणे सुकर होते. तरीही शेवटी चाकांचे अलाइनमेंट तपासून घेणे आवश्यकच.

यानंतरची पायरी तेलाची, आणि तीत खरे मोल काळाचे आहे. झिरपणारे तेल सूक्ष्म फटींतून केशाकर्षणाने आत जाते. हे कार्य मिनिटांत होत नाही. संध्याकाळी तेल मारावे, हातोड्याने हलके ठोके द्यावेत, जेणेकरून दाटलेल्या गंजाला बारीक तडे जातील, रात्रभर थांबावे, सकाळी पुन्हा तेच करावे. ज्यांना दोन-तीन दिवसांची सवड आहे, त्यांच्यासाठी हा सर्वांत निरुपद्रवी मार्ग होय, आणि घरी काम करणाऱ्याला हीच सवड असते.

पाना निवडताना सहा कोनांची गोटी घ्यावी. बारा कोनांची गोटी गंजलेल्या डोक्याचे कोपरे सोलून काढते. आता सोडण्याच्या दिशेने एकदम जोर लावण्याऐवजी प्रथम किंचित घट्ट करण्याच्या दिशेने रेटा द्यावा. गंजाचा बंध कोणत्याही दिशेने तुटला तरी तुटलाच. बोल्ट जरासा हलला की पाव फेरा सोडावा, थोडा परत घ्यावा, तेल द्यावे, पुन्हा सोडावे. लांब पाइप लावताना हिशेब ध्यानी असावा: अर्ध्या मीटरच्या दांड्याच्या टोकाशी ४० किलोचा भार टाकला तर सुमारे २०० न्यूटन-मीटर जोर पडतो, आणि ८.८ प्रतीचा १२ मिलिमीटरचा बोल्ट घट्ट करण्यास साधारण ८० ते ९० पुरतात. म्हणजे आपल्या नकळत आपण दुपटीहून अधिक जोर लावीत असतो, आणि बोल्ट सुटण्याऐवजी पिळून तुटतो.

आट्यांचा बंध तरीही न सुटला तर उष्णतेचा आश्रय घ्यावा. पोलादाचा नट ३०० अंशांनी तापला तर त्याचे १२ मिलिमीटरचे छिद्र सुमारे ०.०४ मिलिमीटरने रुंदावते. अंतर अल्प, परंतु गंजाचा थर भंगण्यास पुरेसे. म्हणून ज्योत नटावर धरावी, बोल्टावर नव्हे. तथापि रबरी बुश, ब्रेकचे होज, पेट्रोलची नळी आणि बंद शॉकॲब्सॉर्बर यांच्याजवळ ज्योत नेऊ नये. आधी मारलेले तेल पुसून टाकावे आणि पाण्याची बादली नव्हे, तर आग विझवण्याचे पावडरचे नळकांडे हाताशी ठेवावे. लाल होईपर्यंत तापलेल्या बोल्टाचे पाणी उतरते. तो पुन्हा वापरू नये.

नळीला धरलेल्या बोल्टाची गोष्ट वेगळी. तेथे ज्योत रबर जाळते आणि घण आर्म व ब्रॅकेट वाकवतो. नट आट्यांच्या टोकाशी समपातळीत ठेवून, म्हणजे आटे चेपणार नाहीत अशा रीतीने, काही मोजके जोरकस घाव घालून पाहावेत. एवढ्यानेही बोल्ट सरकला नाही, तर बुश आणि ब्रॅकेट यांच्या मधल्या फटीतून दोन्ही बाजूंनी तो कापून काढावा. यात पराभव नाही. बुश तर बदलायचाच होता, बोल्टही नवा मिळतो. ब्रॅकेट मात्र गाडीच्या सांगाड्याचा भाग असून, तो वाकल्यास दुरुस्ती घरच्या आवाक्याबाहेर जाते. कोणती वस्तू गमवावी आणि कोणती राखावी, याचा निर्णय हातोडा उचलण्यापूर्वीच झालेला असावा.

जोडणीच्या वेळी जी दक्षता घेतली जाते तिच्यावर पुढील दहा वर्षे अवलंबून असतात. नवा बोल्ट मूळ प्रतीचाच असावा, डोक्यावरील ८.८ या खुणेचा अर्थ असा की त्याचे ताणबळ दर चौरस मिलिमीटरला ८०० न्यूटन असून त्याच्या ८० टक्क्यांपर्यंत तो कायमचा न ताणता भार सोसतो. बिनखुणेचा बोल्ट तेथे घालू नये आणि नायलॉनचे कडे असलेला नट दुसऱ्यांदा वापरू नये. बोल्टाच्या गुळगुळीत अंगावर तांबेयुक्त ग्रीस लावावे. आट्यांना मात्र, पुस्तिकेत सांगितले नसेल तर, लावू नये, कारण घर्षण घटल्यामुळे तेवढ्याच जोराने बोल्ट अधिक ताणला जातो. शेवटची घट्ट आवळणी गाडीचा भार चाकांवर आल्यानंतरच करावी. चाके लोंबकळत असताना आवळलेले रबर गाडी खाली येताच कायमचे पिळलेल्या अवस्थेत राहते आणि लवकर फाटते.

बोल्ट बसवणारा आणि पुढे तो सोडवणारा हे क्वचितच एक असतात. म्हणून बोटभर ग्रीस, योग्य प्रतीचा नट आणि कामाची तारीख, किलोमीटर व जोराचा आकडा यांची गाडीच्या दस्तऐवजांत केलेली नोंद ही अनोळखी माणसाप्रती पाळलेली जबाबदारी होय. आणि ती पाळणाऱ्या हातांमुळेच जुनी यंत्रे भंगारात न जाता कामास येत राहतात.