दहा बाय बाराच्या खोलीतला खर्ज

दुकानात भारदस्त वाटलेला स्पीकर घरी आला की घुमायला लागतो. दोष बहुतेक वेळा त्याचा नसतो. खालच्या स्वरांत स्पीकरपेक्षा खोलीच जास्त बोलते.

हिशोब सोपा आहे. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर धावतो. समोरासमोरच्या भिंतींमधलं अंतर ज्या लहरीच्या निम्म्या लांबीइतकं भरतं, ती लहर तिथं अडकते आणि घुमते. बारा फुटांसाठी हा आकडा येतो ४७ हर्ट्झच्या आसपास, दहा फुटांसाठी ५६. छतही साडेनऊ-दहा फुटांवर, म्हणजे तोच घुमारा दुप्पट. अशा खोलीत आठ इंची वूफर आणणं म्हणजे पैसे देऊन गोंगाट विकत घेणं. डग्ग्याची मींड हरवते, उरतो नुसता धबधबा.

खर्जाची हौस असणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावं. काळी एकमध्ये गाणाऱ्या गायकाच्या तानपुऱ्याची खर्जाची तार ६९ हर्ट्झच्या आसपास असते, पण जवारीमुळे आपल्या कानांवर येतो तो मुख्यतः तिच्या वरच्या स्वरांचा झंकार. पाच इंची वूफर तो नीट ऐकवतो.

बीबीसीच्या अभियंत्यांनी १९७०च्या दशकात असाच छोटा स्पीकर घडवला: एलएस३/५ए. बाह्यध्वनिक्षेपणाच्या गाडीत जागा अपुरी, तरी निवेदकाचा आवाज अचूक पारखायचा होता. खोका जेमतेम फूटभर उंच, वूफर पाच इंची आणि खोका पूर्ण बंद, कुठं भोक नाही. त्याची संवेदनशीलता ८३ डेसिबलच्या जवळपास. ८९ डेसिबलच्या स्पीकरइतका आवाज काढायला त्याला चौपट वॉट लागतात, पण छोट्या खोलीत हे फारसं अडत नाही. परवान्यावर अनेक कंपन्यांनी तो बनवला.

बंद खोक्याचा खर्ज हळूहळू उतरतो आणि पाठीमागची भिंत त्याला आधार देते. म्हणून छोट्या खोलीसाठी माझं मत बंद खोक्याला. पाठीला भोक असलेला घेतलाच, तर भिंतीपासून दूर ठेवायची तयारी हवी. कोपरा दोघांनाही वर्ज्य.

कपाटात ठेवायचा झाला तर तोंड फळीच्या कडेला आणा आणि बाजूला पुस्तकं ठासून भरा. ट्वीटर कानाच्या उंचीला हवा. खुर्चीत बसणाऱ्याचा कान तीन फुटांच्या थोडा वर असतो, गादीवर मांडी घालून बसणाऱ्याचा त्याहून बराच खाली. बैठक असेल तर स्पीकर खाली आणा, नाहीतर पुढे कलवा. दोन स्पीकर आणि तुम्ही यांचा समभुज त्रिकोण साधा. डोकं मागच्या भिंतीला टेकवू नका, तिथं खर्ज फुगतो. खोलीच्या अगदी मध्यावरही नको, तिथं तो गळतो.

मग आरसा घ्या. तुम्ही बसा आणि कुणाला तरी बाजूच्या भिंतीवरून तो सरकवायला सांगा. जिथं ट्वीटर दिसेल तिथं गोधडी लटकवा किंवा पुस्तकांचं कपाट उभं करा. टाइल्सवर जाड सतरंजी अंथरा. याला फारसा खर्च नाही, आणि महागड्या वायरींपेक्षा फरक कितीतरी मोठा पडतो.

खरेदीआधी मोजपट्टीने खोली मापून घ्या, आणि दुकानदाराला स्पीकर दोन दिवस घरी ऐकायला द्यायला सांगा. तो नाहीच म्हणाला, तर दुसरं दुकान बघा.