प्लेगाची वाट

सन 1896 च्या सप्टेंबर महिन्यात मुंबईच्या मांडवी भागात, जेथे गोदीवरून आलेल्या धान्याच्या वखारी आणि माणसांनी गच्च भरलेल्या चाळी एकमेकींस खेटून उभ्या होत्या, डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी जांघेत गाठ व अंगात प्रखर ज्वर असलेला रुग्ण तपासून हा प्लेग होय असे निदान केले, तेव्हा या रोगाचा जंतू शास्त्रज्ञांस अपरिचित राहिला नव्हता. 1894 मध्येच येर्सिन याने तो हाँगकाँग येथे शोधून काढला होता. अज्ञात होती ती त्याची वाट.

या अज्ञानाची किंमत रयतेने मोजली. 1897 च्या साथरोग कायद्याने सरकारास मुखत्यारी मिळताच पुण्यात गोऱ्या सोजिरांकरवी घरोघर झडत्या झाल्या, चीजवस्तू जाळल्या गेल्या, रोगी इस्पितळात आणि त्याचे आप्त छावणीत रवाना झाले. त्या जुलुमाची कथा सर्वश्रुत आहे. परंतु जुलूम क्षणभर बाजूस ठेवला तरी हा सारा बंदोबस्त मुख्यतः माणसावर होता, आणि उंदीर मोकळाच होता.

1898 मध्ये कराची येथे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने काचेच्या बरणीत पिसवांसह एक प्लेगग्रस्त उंदीर ठेवला व त्याला स्पर्श होणार नाही अशा बेताने वर जाळीच्या पिंजऱ्यात एक निरोगी उंदीर टांगला. खालचा मेला, आणि काही दिवसांत वरचाही त्याच रोगाने गेला. पिसवा नसताना रोग संक्रांत होत नसे. उंदराचे प्रेत थंड पडले की पिसू नव्या उष्ण देहाच्या शोधात निघते. तिच्या अन्नमार्गात जंतूंचा बोळा बसल्याने ती भुकेने व्याकूळ होऊन पुनःपुन्हा दंश करते, आणि शोषलेले रक्त जंतूंसह जखमेत परत ओकते. बरीच वर्षे विद्वानांनी सिमाँची उपेक्षा केली. 1905 नंतर मुंबईत झालेल्या विस्तृत प्रयोगांनी तो खरा ठरला.

घरात उंदीर पडू लागताच गाव ओस टाकून रानात झोपड्या घालणाऱ्या आपल्या खेडुतांस पिसवेचा सिद्धांत कोणी शिकविला नव्हता. तरी त्यांची तजवीज, माझ्या मते, अंमलदारांच्या फिनेलपेक्षा शास्त्राच्या अधिक जवळ होती. अपवाद एकच, पण भयंकर. जंतू फुप्फुसांत शिरला की उंदीर आणि पिसू दोघांचीही गरज सरते, खोकल्याच्या तुषारांतून रोग माणसाकडून थेट माणसाकडे जातो. आणि मग गाठीच्या प्लेगात बव्हंशी निरुपयोगी ठरलेले रोग्याचे विलगीकरणच अत्यावश्यक होऊन बसते.